नाव न सांगणाऱ्या बाई

जूनमध्ये नवा वर्ग आला की बोऱ्हाडे बाई पहिल्या तासाला विज्ञान शिकवत नसत. फळ्याला पाठ टेकून उभ्या राहायच्या, एकेका पोराला उठवायच्या आणि म्हणायच्या, "हजेरीत काय लिवलंय ते मला दिसतंय. तुला काय म्हणून हाक मारू, ते सांग." पोरं आधी बावचळायची. मग कुणीतरी धीर करायचं. हजेरीतला दगडू त्या दिवसापासून दिग्विजय व्हायचा. कुणी नुसतं पप्पू म्हणा म्हणालं तर बाई पप्पू म्हणायच्या. साताऱ्याकडून आलेली एक मुलगी होती. मुलीवर मुलगी झाली म्हणून घरच्यांनी तिचं नावच नकोशी ठेवलेलं. ती बराच वेळ ओठ चावत उभी राहिली आणि म्हणाली, "अश्विनी." बाई म्हणाल्या, "बस खाली, अश्विनी." दहावी होईपर्यंत तिला शाळेत दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. पुढे तिचे वडीलसुद्धा सभेला आले की "आमची अश्विनी कशी हाय?" असं विचारायला लागले.

हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर लोक म्हणू लागले की नाव बदलण्याचं हे खूळ कुठल्याशा प्रशिक्षणातून आलं. खूळ जुनं होतं. प्रशिक्षण नंतर आलं.

मी मूळचा परभणीकडचा. चाकणकडच्या महाळुंग्याच्या अलीकडच्या ह्या शाळेत मराठी शिकवायला लागलो, तेव्हा शाळेच्या एका भिंतीला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी होती आणि दुसऱ्या भिंतीला कांद्याचं वावर. आता वावराच्या जागी दुसरी कंपनी आहे. स्टाफरूममध्ये सगळे पुण्याचं मराठी बोलायचा प्रयत्न करायचे, मी जरा जास्तच. बोऱ्हाडे बाई एकट्या खुशाल 'व्हय-न्हाई' करायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गाठलं. "मास्तर, तुमी लई इस्त्री करून बोलताय. घडी मोडंल म्हणून भ्या वाटतं का?" त्या दिवसापासून मी त्यांच्यापुरता मास्तर झालो. मला काय म्हणून हाक मारायची, ते मात्र त्यांनी विचारलं नाही.

बाई ह्याच गावच्या. त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर आज ट्रक उभे राहतात. गावातली बी.एड. झालेली पहिली मुलगी. लग्न होऊन खेडला गेल्या आणि थोड्याच दिवसांत परत आल्या. का, ते कुणी विचारलं नाही, कारण त्या सांगणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोरले भाऊ बबनराव. त्यांनी उरलेल्या तुकड्यावर कामगारांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि त्यातल्याच कडेच्या दोन खोल्यांत बाई राहायच्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. गावच्या लेकीला गावात कशाचं भय नसतं, असं त्या मानायच्या. मीही मानायचो.

आमच्याकडे पालकसभा एकदा घेऊन भागत नाही. पहिली पाळी सुटते तेव्हा दुसरी आत शिरत असते, आणि रात्रपाळीवाला दिवसा झोपलेला असतो. सुटीच्या दिवशी सभा ठेवावी तर नेमका ओव्हरटाइम. बाईंनी ह्यावर युक्ती काढली. जे मोकळे असतील त्यांच्यापुढे सभा घ्यायची आणि शेवटी म्हणायचं, "आता ह्ये बाकीच्यांना पोचवा." कंपनीत मशीन सोडताना एका पाळीचा माणूस पुढच्या पाळीच्या माणसाला सांगून जातो, टूल झिजलंय, ऑइल कमी आहे, अमुक बटणाला हात लावू नको. बाईंनी त्या बोलण्याला शाळेचं शेपूट जोडून दिलं. सहल, लसीकरण, परीक्षेच्या तारखा, सगळं मशीनपाशी उभ्या उभ्या ह्या बापाकडून त्या बापाला पोचायचं. "माझं टपाल कंपनीच्या बसनं जातंय," असं त्या ऐटीत सांगायच्या. आणि इतक्या वर्षांत ते टपाल कधी चुकलं नव्हतं.

असं सुरळीत चाललेलं असताना वरून आदेश आला, की मुलांची लिंगओळख ह्या विषयावरच्या प्रशिक्षणाला प्रत्येक शाळेनं शिक्षक पाठवावेत. आमचे मुख्याध्यापक थोरात सर सज्जन माणूस, पण वारा कुठून येतोय ते बघून खिडकी उघडणारे. "विषय नाजूक आहे," ते म्हणाले, "ज्येष्ठ कुणीतरी जावं." सगळ्यांनी बोऱ्हाडे बाईंकडे पाहिलं. सोबतीला म्हणून मला धाडलं.

प्रशिक्षण देणारी मुलगी शहरातून आली होती. हुशार होती, तळमळीनं बोलत होती. पण तिच्या पडद्यावरचे निम्मे शब्द इंग्रजी आणि उरलेले निम्मे असे, की त्यांच्यापेक्षा इंग्रजी बरं. मागच्या रांगांत कुजबुज सुरू होती. एक सर उठून म्हणाले, "ह्या वयात पोरं काहीही बोलतात. त्यांच्या डोक्यात आपण हे भरायचं का?" एका बाईंनी विचारलं, "आणि आईवडिलांना कळवायचं नाही म्हणता? माझ्या मुलाचं असं काही शाळेला माहीत आहे आणि मला नाही, असं झालं तर मी शाळेत येऊन भांडेन." मला तो प्रश्न रास्त वाटला. आजही वाटतो. मुलीनं उत्तर दिलं ते नियम वाचून दाखवल्यासारखं होतं. तेव्हा बोऱ्हाडे बाई उठल्या. "पोरी, ही शब्दांची मोळी जरा बाजूला ठेव. पोर माझ्याम्होरं येऊन हुबं ऱ्हायलं आनि बोललं, तर माझ्या तोंडातनं पयलं वाक्य काय निघाया पायजे, तेवढं सांग." मुलगी म्हणाली, "काहीच नाही, मॅडम. आधी ऐकून घ्यायचं." बाई खाली बसल्या. "एवढ्यासाठी दिसभर बसवलं व्हय," असं पुटपुटल्या, पण जाताना त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

परतीच्या बसमध्ये चाकण जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "त्या बाईचं बी बराबर हाय, मास्तर. आईबापाला कळायाच पायजे. पर कवा आनि कुनी सांगायचं, ह्ये त्या पोराच्या हातात पायजे. आपन मधीच तोंड उघडलं तर आपली नुसती नोकरी जाती. पोराचा जीव जातो." एवढं टोकाचं त्या कशासाठी बोलतायत, ते मला त्याच संध्याकाळी कळलं.

असं एक पोर आमच्या शाळेत होतं. नववीत, माझ्याच वर्गात. हजेरीत मुलाचं नाव. त्या जूनमध्ये बाईंनी विचारलं तेव्हा पोरानं हजेरीतलंच नाव सांगितलं होतं, आणि तास संपल्यावर मागे थांबून हळूच एका मुलीचं नाव सांगितलं होतं. दोन्ही नावं मी इथेही लिहिणार नाही. बाईंनी वर्गात ते दुसरं नाव कधी उच्चारलं नाही. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नसलं म्हणजे मात्र त्या त्याच नावानं हाक मारायच्या, "तेवढ्या परीक्षानळ्या धुवून ठेव गं," म्हणायच्या, आणि एरवी मान वर न करणारं ते पोर परीक्षानळ्या धुता धुता घडाघडा बोलायला लागायचं. पोराला विचारूनच बाईंनी मला हे सांगितलं, कारण वर्गशिक्षक मी होतो आणि मुलांच्या स्वच्छतागृहात त्याला मार बसू लागला होता.

वडील टेम्पो चालवायचे, एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत माल पोचवायचे. त्यांचं नावही राहू द्या, टेम्पोवाला म्हणतो. माझ्याच भागातला माणूस. तापट, हात सैल. पण पोराचा डबा विसरला तर टेम्पो आडवाटेनं वळवून शाळेत आणून देणारा. पोर बाईंना एकच वाक्य म्हणालं होतं, "पप्पांना कळलं तर मी राहत नाही." ते मारतील म्हणून, की आपणच काही करून घेऊ म्हणून, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांना दोन्हींची भीती होती.

प्रशिक्षणाला जाऊन आलात तर पालकांना माहिती द्या, असं थोरात सरांनी सांगितलं. बाईंनी नेहमीसारखी पहिल्या पाळीसाठी सभा लावली. बायका बऱ्याच होत्या, पुरुष थोडे. बाईंनी पडदा नाही, शब्दांची मोळी नाही, साध्या बोलीत सांगितलं की काही पोरांना आपण आतून वेगळे आहोत असं वाटतं, त्यांना मारून ते जात नाही, आणि घरी बोलायची सोय नसली की ती पोरं वाईट मार्गाला लागतात किंवा जिवाचं काही करून घेतात. लोकांनी शांतपणे ऐकलं. एका आईनं विचारलं, "मंग असं लेकरू वळखायचं कसं?" बाई म्हणाल्या, "वळखायला जायाचंच न्हाई. त्ये सांगंल तवा ऐकायचं." मागून कुणीतरी विचारलं, "आपल्या शाळंत हाय का असं कुनी?" बाईंना खोटं बोलता येत नसे. "आसंल की," त्या म्हणाल्या, "एवढी पोरं हायती." आणि मग सवयीनं, दरवेळी म्हणायच्या तसं म्हणाल्या, "आता ह्ये बाकीच्यांना पोचवा."

टूल झिजलंय हे मशीनच्या आवाजात ओरडून सांगता येतं. हे कसं सांगणार? दुसऱ्या पाळीला कळलं की शाळेत एक तसला पोरगा सापडलाय. रात्रपाळीला कळलं की शाळा मुलांची नावं बदलून त्यांच्या मुली करते. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्यांकडे तिसरंच होतं, की त्यासाठीचं औषध बोऱ्हाडे बाईंनी विज्ञानाच्या कपाटात आणून ठेवलंय. हे ऐकून मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटाचं कुलूप काढून दार उघडं टाकलं, कुणालाही बघू द्या म्हणाल्या. बघायला कुणी आलं नाही. लोकांना बघायचं नव्हतं.

मग शाळेच्या फाटकासमोर दुचाक्या उभ्या राहायला लागल्या. त्यांच्यावर बसलेली मुलं आमच्या गावची नव्हती. ती काही बोलायची नाहीत, शाळा सुटली की बाहेर पडणाऱ्या एकेका पोराकडे निरखून बघायची, आणि एकमेकांना कोपर मारायची. ज्या पोराचे केस थोडे वाढलेले, ज्याचा आवाज अजून फुटलेला नाही, त्याच्या पोटात तेव्हा काय होत असेल, ह्या विचारानं मला धड शिकवता येईना. काही बापांनी पोरांचे केस बारीक कापून आणले. अश्विनीचे वडील एक दिवस मला गाठून म्हणाले, "सर, आमच्या पोरीचं ते नाव कुठं लिवून ठिवलेलं न्हाई ना?" तिचं लग्न ठरत होतं. प्रयोगशाळेत आता कुणी परीक्षानळ्या धुवायला थांबत नव्हतं. ते पोर मधल्या सुटीतही बाकावरून उठत नसे.

गावानं बाईंना आक्का म्हणणं सोडलं. कसं आणि कुणी सुरू केलं कळलं नाही, पण हळूहळू सगळे 'ती बाई' म्हणू लागले. बबनराव एकदा माझ्यादेखतच त्यांना म्हणाले, "आक्का, सांगून टाक की. भायेरचंच पोर आसंल. आज हितं हाय, उद्या त्याच्या मुलकात जाईल. आपल्याला हितंच ऱ्हायाचंय." बाई भाकरी थापत होत्या. "दादा," त्या म्हणाल्या, "त्याला बी हितंच ऱ्हायाचंय." बबनराव चहा न घेता उठून गेले. भावाबहिणीचं ते शेवटचं धड बोलणं.

शेवटी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसांनीच सभा बोलावली. कंपन्यांच्या साप्ताहिक सुटीला, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. तिन्ही पाळ्या पहिल्यांदाच एका जागी बसल्या. मला वाटलं होतं आरडाओरड होईल. त्यापेक्षा वाईट झालं. लोक शांत होते. एकेक उठायचा आणि तेच म्हणायचा, पोराचं नाव सांगा. कुणी पोराच्या भल्यासाठी म्हणत होता, डॉक्टरला दाखवू म्हणत होता, आणि तो मनापासूनच म्हणत असेल. कुणी आपल्या मुलांच्या काळजीनं. पण सगळ्यांचं घोडं त्या एका नावापाशीच येऊन थांबत होतं.

मग टेम्पोवाला उठला.  तो जे नाव मागायला उठलाय ते त्याच्याच ताटात जेवतं, हे त्या मांडवात फक्त बाईंना आणि मला माहीत होतं. त्याची बायको बायकांच्या घोळक्यात खाली मान घालून बसली होती. तिला काही ठाऊक होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. "बाई, म्या दिसभर गाडीवर असतो," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "माझ्या लेकराच्या बाजूला कोण बसतंय, ते मला कळाया नको का? एकदा दावा मला. उभं चिरतो का नाही बघा." मागे टाळ्या पडल्या.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आता त्यांच्या तोंडून काहीतरी निघेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, निघावं असंही एक क्षण वाटलं. म्हणजे हे संपलं तरी असतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या लेकराच्या बाजूला कुनी वाईट बसत न्हाई. एवढं माझ्यावर सोडा. नाव मी सांगनार न्हाई." चिटणीस पुढे वाकून समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, नाव सांगा, विषय संपेल." बाई म्हणाल्या, "सायेब, नाव सांगितलं की विषय सुरू व्हईल." आणि खुर्चीवरून उठून, त्या सगळ्या माणसांच्या मधून, वहाणा हातात घेऊन चालत्या झाल्या. कुणी वाट अडवली नाही. पण वाट दिलीही नाही. त्यांना एकेकाला वळसा घालून जावं लागलं.

संस्थेनं आधी त्यांना रजेवर पाठवलं, मग मावळातल्या एका छोट्या शाखेत बदली केली. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांच्या दाराला कुणीतरी रात्रीतून काळं फासलं होतं, ते त्यांनी स्वतःच खरवडून काढलं. सामान न्यायला टेम्पो ठरवायचा म्हटल्यावर गावातला एकही टेम्पोवाला तयार होईना. तेव्हा बाई म्हणाल्या, "त्या पोराच्या बापालाच बोलवा." मी चमकलो. "त्यालाच?" "व्हय. वाटंत बोलता येतं." त्याला विचारलं तर तो लगेच यायला तयार झाला. "बाईंनी माझ्या लेकराला जीव लावला, सर," तो म्हणाला. "भांडण त्या गोष्टीचं हाय, बाईंचं नाही."

सामान फार नव्हतं. एक लोखंडी कपाट, गाद्या, पुस्तकांची खोकी. पुढच्या बाकड्यावर आम्ही तिघं बसलो, बाई मध्ये. तळेगावच्या रस्त्याला नेहमीसारखी कंटेनरांची रांग लागली होती.  मग तोच म्हणाला, "राग धरू नका, बाई. नाव सांगितलं असतं तर तुमच्यावर ही पाळी आली नसती."

"पोर कसं हाय तुमचं?" बाईंनी विचारलं.

"गप असतंय. नीट जेवत नाही. त्याची माय म्हणती, वयच तसलं हाय."

"तुमी बोलता का त्याच्यासंगं?"

"काय बोलणार, बाई? मी घरी येतो तवा त्ये झोपलेलं असतंय."

रांग थोडी सरकली, पुन्हा थांबली. त्यानं इंजिन बंद केलं. समोरच्या कंटेनरकडे बघत तो म्हणाला, "ते लेकरू कोण व्हतं, बाई? आता तर सांगा. म्या कोणापाशी बोलत नाही." हा सभेतला आवाज नव्हता. खालचा, कोरडा आवाज होता, आणि स्टिअरिंगवरचे त्याचे हात घट्ट झाले होते. मला तेव्हा त्या माणसाची भीती वाटली. बाईंना वाटली नाही.

"तुमी सभेत म्हनालावता, उभं चिरीन," त्या म्हणाल्या. "ते आदी मागं घ्या. मंग इचारा."

त्यानं इंजिन सुरू केलं. ह्या वाक्यानं काय झालं ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, त्याच्या लगेच आलं असावं. दुसऱ्याच्या पोराबद्दल बोललेलं मागं घ्या, असं कोण कशाला म्हणेल? पुढची सगळी वाट त्यानं एक शब्द काढला नाही. पोचल्यावर कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन आत नेऊन ठेवलं. बाईंनी पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. टेम्पो वळवून निघून गेला. बाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात तो बाक रिकामा होता. दुपारी बाईंचा फोन आला, "आलं का?" मी नाही म्हणालो. त्या तशाच उठून आल्या. गावात पाऊल टाकू नका असं चिटणिसांनी बजावलं होतं, तरी सरळ टेम्पोवाल्याच्या खोलीकडे गेल्या. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, पहाटेच सामान भरलं, नवराबायको आणि पोर, तिघंही गेले. कुठे? गावाकडे असतील. पोर रडत होतं का, असं बाईंनी विचारलं. शेजारीण म्हणाली, "आवाज कुनाचाच न्हवता."

मी माझ्या भागातल्या ओळखीपाळखीच्यांना फोन लावले. त्याच्या गावाहून कळलं की ती माणसं तिकडे आलीच नाहीत. त्याचा नंबर बंद होता. शाळेचा दाखलाही कुणी मागितला नाही. मी पोलिसांत गेलो. आई बाप पोर तिघं मिळून राहती जागा सोडून गेले तर त्यात तक्रार कशाची, असं त्यांनी विचारलं. मी परत आलो.

बाई खचल्या त्या तेव्हा. नोकरी जायची वेळ आली, गाव सुटलं, भाऊ तुटला, त्यानं त्या वाकल्या नव्हत्या. "एवढ्या मानसांम्होरं तोंड दाबून बसले," त्या मला म्हणाल्या, "आनि एका मानसाम्होरं सुटले. नाव न घेताच मी नाव सांगितलं, मास्तर. मला वाटलं, एकटा हाय, ऐकंल." मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. बाप आहे तो, म्हणालो.  त्यानंतर कुठे विहिरीत, कुठे रुळावर कुणी सापडल्याची बातमी पेपरात आली की त्यांचा फोन यायचा. "वय काय लिवलंय, बगा." मी वाचून दाखवायचो. त्या 'बरं' म्हणून फोन ठेवायच्या. पुढे पुढे पेपर उघडायची मलाच धास्ती वाटू लागली.

प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा आमच्याकडे कुणी घेतला नाही. शाळा-कॉलेजांत हे शिकवावं की शिकवू नये, ह्यावर टीव्हीवर भांडणं चालूच होती. दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलायची. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तो बाक यायचा आणि मी टीव्ही बंद करायचो. वर्गात त्या बाकावर मी दुसऱ्या पोराला बसवलं. वर्ग भरलेला होता, रिकामा ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं.

पुढच्या वर्षी, शाळा सुटायच्या वेळेला, मी फाटकापाशी उभा होतो. पलीकडे एक टेम्पो येऊन थांबला. पाटीवर दुसऱ्याच जिल्ह्याचा नंबर. टेम्पोवाला उतरून माझ्याकडे चालत आला. वाळला होता, दाढीचे खुंट पांढरे झाले होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. "सर, बाई कुठं असतात?"

 हा माणूस कशासाठी आलाय, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. "कशाला?" मी विचारलं.

"बोलायचंय."

पत्ता मी दिला नाही. फोन काढला, बाईंना लावला, रस्त्यावरच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला आणि त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "बाई, मी टेम्पोवाला बोलतोय."  मग बाई म्हणाल्या, "पोर कुठं हाय?"

"हे काय, गाडीत बसलंय."

मी टेम्पोकडे पाहिलं. काचेवर ऊन होतं, आत कुणीतरी बसलंय एवढंच दिसलं. फोनमध्ये बाईंचा श्वास ऐकू येत होता. तो खाली बघत म्हणाला, "बाई, सभेत म्या बोललो ते... मागं घेतो."

बाई रडत असाव्यात. त्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. पण बोलल्या तेव्हा आवाज नेहमीचाच होता, तास सुरू करतानाचा.

"मला कशापायी सांगताय? गाडीत बसलंय त्याला सांगा. जावा."

त्यानं फोन माझ्या हातात दिला. तो रस्ता ओलांडून टेम्पोकडे चालू लागला. मी फोन कानाला लावला. बाई अजून होत्या.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेलाय."

"काय करतोय?"

"दार उघडतोय," मी म्हणालो.